हेअर आणि मेकअप आर्टिस्टचा स्वतःचा व्यवसाय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कात्री, ब्रश आणि रंग शिकवणारे पुष्कळ भेटतात. दर कसा लावायचा, रद्द झालेल्या बुकिंगचं काय करायचं, कुणाला नाही म्हणायचं, हे मात्र ज्याचं त्याने धडपडत शिकायचं अशी रीत पडली आहे. नव्याने सुरुवात करणारे जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात ते इथे एकत्र केले आहेत. माझं मत आधीच सांगते: या धंद्यात आपण विकतो तो आपला वेळ, आणि लोक तो विकत घेतात ते विश्वासावर. बहुतेक उत्तरं या दोन गोष्टींकडेच येतात.

कोर्स झाला की लगेच स्वतःचं सुरू करावं का?

शक्य असेल तर आधी काही काळ चालत्या सलूनमध्ये काम करा. हात साफ होतो हे एक कारण झालं, पण त्याहून मोठं कारण वेगळं आहे. वर्गात डमीच्या डोक्यावर कट करताना कुणी मध्येच "थोडे अजून कमी करा" म्हणत नाही, कुणी उशिरा येत नाही, आणि रंग लागलेला असताना पुढची क्लायंट दारात उभी राहत नाही. चार खुर्च्यांचं सलून दिवसभर कसं चालतं, कोणत्या कामाला खरोखर किती वेळ लागतो, कोणतं सामान किती दिवसांत संपतं, हे तिथे पगार घेऊन शिकायला मिळतं.

केस आणि मेकअप दोन्ही करावं की एकच?

दोन्ही येत असेल तर दोन्ही ठेवा, पण या दोन धंद्यांची चाल वेगळी आहे हे लक्षात असू द्या. केस महिन्याला साधारण १ ते १.२५ सेंटिमीटर वाढतात. त्यामुळे मुळांचा टच-अप चार ते सहा आठवड्यांनी परत येतो आणि कटही ठरावीक काळाने येतो. हे नियमित उत्पन्न. मेकअपचं काम बहुतेक समारंभाचं असतं. हंगामात एकदम येतं आणि मधले महिने कोरडे जातात. केसांचं काम घरखर्च चालवतं आणि मेकअपचं काम वरकड देतं, अशी विभागणी ज्यांनी केली आहे त्यांची झोप शांत असते. दोन्हींपैकी एकातच मन रमत असेल तर एकच करा, पण मग दुसऱ्या कामासाठी एक भरवशाची जोडीदार शोधून ठेवा आणि एकमेकींकडे काम पाठवा.

जागा घ्यावी, खुर्ची भाड्याने घ्यावी, की लोकांकडे जाऊन काम करावं?

सुरुवातीला दुसऱ्याच्या सलूनमधली एक खुर्ची भाड्याने घेणं मला सगळ्यांत सुरक्षित वाटतं. बेसिन, आरसा, वीज, पाणी तयार मिळतं आणि काम कमी असलं तरी बोजा मर्यादित राहतो. मात्र लेखी करार करा. कोणते दिवस, कोणते तास, टॉवेल कुणाचे, तुमचं सामान कुठे राहणार आणि तुम्ही सोडून गेलात तर तुमच्या क्लायंटची यादी कुणाची, हे सगळं त्यात हवं. शेवटचा मुद्दा सगळ्यांत जास्त भांडणांचा आहे.

घरून काम करायचं तर वेगळी खोली हवी, पाण्याचा निचरा नीट हवा आणि हवा खेळती हवी. ब्लीच पावडरमधली परसल्फेटं श्वासातून जाऊन दमा होऊ शकतो, त्यामुळे बंद खोलीत ब्लीच कालवणं तुमच्याच जिवावर येतं. परवाना, नोंदणी, कर यांचे नियम ठिकाणागणिक बदलतात. स्थानिक कार्यालयात आधी विचारून घ्या. काम सुरू झाल्यावर विचारायला जाऊ नका.

लोकांकडे जाऊन काम करण्यात भाडं वाचतं, पण वेळ जातो. तो वेळ दरात आला नाही तर वाचलेलं भाडं रस्त्यावर जातं.

सुरुवातीला काय काय विकत घ्यावं?

जे हाताला रोज लागतं ते उत्तम घ्या: कात्री, ड्रायर, आयर्न, चांगले ब्रश. बाकी हळूहळू. फाउंडेशनच्या तीस छटा एकदम घेऊ नका. उजळ, मध्यम, गडद अशा मोजक्या छटा, शिवाय पिवळा, लाल, ऑलिव्हकडे झुकणारे मिक्सर घेतले तर बहुतेक चेहऱ्यांची छटा कालवून जमवता येते. खरी छटा हातावर लावून ठरत नाही. जबड्याच्या कडेला तीन पट्टे ओढा, क्लायंटला खिडकीकडे वळवा आणि दोन मिनिटं थांबा. काही फाउंडेशन हवा लागली की गडद होतात. जो पट्टा मानेत मिसळून दिसेनासा होतो, ती छटा. हे दोन मिनिटं थांबणं फार जण टाळतात आणि मग फोटोत चेहरा एका रंगाचा आणि मान दुसऱ्या रंगाची दिसते.

दिव्यावर पैसे खर्च करा. दिवसाच्या उजेडाजवळचा, म्हणजे ५००० ते ५६०० केल्विनचा आणि सीआरआय (रंग खरे दाखवण्याची दिव्याची क्षमता, १०० पैकी) ९० च्या वरचा दिवा हवा. पिवळ्या बल्बखाली केलेला ब्लश बाहेर उन्हात गेल्यावर कसा दिसेल याचा अंदाज भल्याभल्यांना येत नाही.

दर कसा ठरवायचा?

शेजारच्या सलूनचा दर बघून त्यातून थोडे कमी करायचे, ही पद्धत सोडा. शेजारणीची जागा कदाचित स्वतःची असेल, तिचा खर्च वेगळा असेल, किंवा तीही तोट्यात असेल आणि तिला अजून कळलं नसेल.

हिशेब असा करा. महिन्याचा सगळा खर्च एका कागदावर मांडा: भाडं, वीज, पाणी, टॉवेल धुणं, फोन, विमा, कर, कात्रीला धार लावणं, यंत्रं बदलण्यासाठी बाजूला काढायची रक्कम, आणि तुमचा स्वतःचा पगार. पगार ही खर्चाचीच बाब आहे. "उरेल ते माझं" असं म्हणणाऱ्याला बहुधा काही उरत नाही.

समजा ही बेरीज १२०० एकक आली (एकक म्हणजे तुमच्या हिशेबातली पैशांची कोणतीही रक्कम). आता तास मोजा. आठवड्याला सहा दिवस, रोज आठ तास म्हणजे ४८ तास, महिन्याचे १९२. पण या १९२ तासांत क्लायंट खुर्चीत बसलेला असतो तो वेळ किती? झाडलोट, ब्रश धुणं, फोनवर उत्तरं देणं, सामान आणणं, दोन अपॉइंटमेंटमधली रिकामी वीस मिनिटं, न आलेली गिऱ्हाइकं, हे सगळं वजा केलं तर हातात १२० तास आले तरी चांगलं म्हणायचं. १२०० भागिले १२०, म्हणजे तासाला १० एकक. हा तुमचा किमान दर. तीन तासांचे हायलाइट्स असतील तर ३० एकक आणि त्यावर रंगाचा, फॉइलचा, टोनरचा (ब्लीचनंतर छटा जुळवणाऱ्या रंगाचा) खर्च वेगळा.

जो १९२ ने भागतो त्याचा दर सव्वासहा एकक येतो. त्या दराने १२० तास काम केलं की महिन्याला ७५० मिळतात आणि ४५० चा खड्डा पडतो. माणूस दिवसभर राबतो, खुर्ची भरलेली असते, आणि तरी महिनाअखेर पैसे का नाहीत हे त्याला समजत नाही. चुकीचा भागाकार हे अशा ओढाताणीचं फार सामान्य कारण आहे.

सामानाचा खर्च अंदाजाने धरू नका, वजनकाटा ठेवा. ६० ग्रॅम क्रीम रंगाला एकास दीड प्रमाणात ९० ग्रॅम डेव्हलपर (रंगात कालवायचं पेरॉक्साइड) लागतो. खांद्यापर्यंतच्या विरळ केसांना एवढं पुरून उरतं, कमरेपर्यंतच्या दाट केसांना दुप्पटही कमी पडतं. दोघींना एकच दर लावला तर पहिलीवर अन्याय होतो आणि दुसरीचा खर्च तुमच्या अंगावर पडतो. वाटीत उरलेला रंगसुद्धा वजन करून वहीत लिहा. पुढच्या वेळी कमी कालवता येतो.

मेकअपच्या बाहेरच्या कामाचा हिशेब तर आणखी सांभाळून करावा लागतो. चेहऱ्यावर दोन तास काम केलं असं आपण म्हणतो. पण आधी बोलणं आणि संदर्भाचे फोटो बघणं एक तास, ट्रायल (समारंभाआधी करून पाहायचा पूर्ण मेकअप) दोन तास, सामान भरणं एक तास, जाणं-येणं दोन तास, परतल्यावर ब्रश आणि पॅलेट धुणं एक तास. एकूण नऊ तास झाले. दर दोन तासांचा लावला असेल तर उरलेले सात तास तुम्ही दान केले.

ओळखीचे लोक सवलत मागतात, काय सांगावं?

सवलत कुणाला आणि किती, हे आधीच ठरवून ठेवा म्हणजे प्रत्येक वेळी तोंड बघून निर्णय घ्यावा लागत नाही. घरच्या अगदी जवळच्या माणसांना काही द्यायचं असेल तर पूर्ण भेट द्या आणि आनंदाने द्या. अर्धवट सवलतीत दोन्ही बाजूंना बोचत राहतं. बाकीच्यांना सरळ सांगा: "दर सगळ्यांना एकच आहे, पण तुझ्यासाठी हवी ती वेळ राखून ठेवते." हे वाक्य बहुतेकांना पटतं. "फुकट कर, तुझी जाहिरात होईल" असं सांगणाऱ्यांकडून क्वचितच पैसे देणारं गिऱ्हाईक येतं.

अ‍ॅडव्हान्स घ्यावा का? बुकिंग रद्द झालं तर?

घ्यावाच. तारीख राखून ठेवणं म्हणजे त्या तारखेची बाकी सगळी कामं नाकारणं, आणि त्याची किंमत आहे. मोठ्या कामाला एकूण रकमेच्या तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत आगाऊ घेणं रास्त आहे. उरलेली रक्कम काम सुरू होण्याआधी घ्या. समारंभ संपल्यावर यजमान शोधत फिरण्यात मान राहत नाही.

किती दिवस आधी रद्द केलं तर किती परत मिळेल, तारीख पुढे ढकलता येईल का, तुम्ही स्वतः आजारी पडलात तर काय कराल, हे सगळं मेसेजमध्ये लिहून पाठवा आणि "मान्य आहे" असं उत्तर आल्याशिवाय तारीख नक्की धरू नका. साध्या कटसाठी एवढं नको, आदल्या दिवशी आठवण करून देणारा एक मेसेज पुरतो. त्या एका मेसेजने न येणारे पुष्कळ कमी होतात. दोनदा न सांगता गैरहजर राहिलेल्या व्यक्तीकडून पुढच्या वेळी पूर्ण रक्कम आगाऊ मागायला संकोच करू नका.

लग्नाच्या दिवसाचं वेळापत्रक कसं आखायचं?

उलटं मोजा. वधू तयार हवी ती वेळ आधी लिहा आणि तिथून मागे या.

समजा वधू आणि आणखी चार जणी आहेत. प्रत्येकीला केस आणि मेकअप मिळून ७५ मिनिटं, म्हणजे चौघींचे ३०० मिनिटं. वधूचे १५० मिनिटं. झाले साडेसात तास. त्यात सामान मांडायला अर्धा तास आणि अडीअडचणीला अर्धा तास. साडेआठ तास! सकाळी ११ वाजता सगळे तयार हवे असतील तर एकट्या माणसाला पहाटे अडीचला हात चालू करावा लागेल. हे गणित कागदावर मांडलं की दुसरी आर्टिस्ट लागणार हे यजमानांनाही लगेच पटतं. दोघींनी काम वाटून घेतलं तर पावणेपाच तास पुरतात आणि सव्वासहाला सुरुवात करून चालतं.

वधूला शेवटचा नंबर कधीही देऊ नका. कुणी आंघोळीला उशिरा गेली, कुणाचं बाळ रडलं, कुणाला लिपस्टिकचा रंग बदलून हवा झाला, की ती सगळी मिनिटं साचत साचत शेवटच्या माणसावर येतात. शेवटून दुसरा नंबर तिचा ठेवा. ती ठरल्या वेळेच्या अर्धा तास आधी तयार असली की तुम्हाला टच-अपला वेळ मिळतो आणि तिला दोन घोट पाणी पिता येतं.

फ्लॅश वापरणारा फोटोग्राफर असेल तर त्याच्याशी आधी बोला. झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड जास्त असलेलं सनस्क्रीन आणि सिलिकाची पांढरी पावडर फ्लॅशमध्ये उजेड परत फेकते, आणि चेहरा पिठाळलेला दिसतो. डोळ्यांना ते दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतं. म्हणून ट्रायललाच एक फोटो फ्लॅश लावून काढून बघावा. आजची मेकअपची कला बरीचशी कॅमेऱ्याच्या मागण्यांवरच वाढली. हॉलिवूडचे मेकअप आर्टिस्ट मॅक्स फॅक्टर यांनी १९१४ मध्ये चित्रपटातल्या नटांसाठी पातळ, लवचीक ग्रीजपेंट (चेहऱ्याला लावायचा तेलकट रंग) बनवलं, कारण रंगमंचावरचा जाड थर पडद्यावर तडकलेला दिसायचा.

ट्रायलचे पैसे घ्यावेत का?

हो, वेगळे घ्यावेत. ट्रायल म्हणजे पूर्ण काम असतं. त्या वेळी प्रत्येक उत्पादनाचं नाव आणि छटा, कोणत्या ब्रशने काय लावलं, किती पिना लागल्या, हे सगळं फेस चार्टवर, म्हणजे चेहऱ्याची आकृती छापलेल्या कागदावर, लिहा आणि समोरून, बाजूने, मागून फोटो काढा. तीन महिन्यांनी पहाटे झोपेच्या डोळ्यांनी काम करताना तो कागद फार कामी येतो.

पॅच टेस्ट खरंच दर वेळी करावी लागते का? क्लायंटना कंटाळा येतो.

कंटाळा येऊ द्या, टेस्ट करा. केसांच्या गडद कायमस्वरूपी रंगांत पॅरा-फेनिलीनडायअमाइन, म्हणजे पीपीडी, किंवा त्याचे भाऊबंद असतात. त्यांची अ‍ॅलर्जी उशिरा उमटणारी असते. लावल्या लावल्या काही होत नाही, एक-दोन दिवसांनी टाळू खाजते, पापण्या सुजतात, काहींचा पूर्ण चेहरा सुजून डोळे मिटतात. म्हणून टेस्ट ४८ तास आधी करायची. कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला उत्पादनाच्या पत्रकात सांगितल्याप्रमाणे थोडं लावायचं आणि वाट बघायची. सकाळी टेस्ट करून दुपारी रंग लावण्याला काहीही अर्थ नाही.

"मी दहा वर्षं हाच रंग लावते, मला काही होत नाही" हे वाक्य रोज ऐकू येतं. अ‍ॅलर्जीचा स्वभावच असा आहे की शरीर अनेकदा सहन करतं आणि मग एका वेळी सहन करेनासं होतं. त्यातही जिने कधी 'काळी मेंदी' नावाने मिळणारा तात्पुरता टॅटू काढून घेतला असेल तिच्याबाबतीत जास्त सावध राहा. साधी मेंदी तपकिरी-केशरी रंग देते. काळाभोर रंग यायला त्यात बहुधा पीपीडी मिसळलेलं असतं आणि तेही त्वचेवर थेट, भरपूर प्रमाणात. शरीराला अ‍ॅलर्जीची सवय तिथेच लागते आणि ती जन्मभर राहते. हा प्रश्न फॉर्मवर छापूनच घ्या.

टेस्टची तारीख, उत्पादनाचं नाव, निकाल आणि क्लायंटची सही, एवढं नोंदीत हवं. आधी टेस्ट झालेली आणि आत्ता प्रतिक्रिया उमटली असेल तर रंग लावायचा नाही, मग समोरची कितीही आग्रह करो. तिला त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवा.

काळा डाय लावलेले केस एकाच बैठकीत सोनेरी करून मागतात. काय करावं?

आधी कानामागची, आतली एक बारीक बट कापून घ्या आणि काचेच्या वाटीत ब्लीचच्या मिश्रणात ठेवा. दर पाच मिनिटांनी बघत राहा. काळ्यातून आधी विटकरी लाल येतो, मग तांबूस नारिंगी, आणि तिथेच बहुतेक बटा अडून बसतात. बाहेर काढून धुवा, ओली असताना दोन बोटांत धरून हलकं ताणा. निरोगी केस थोडा लांबतो आणि परत येतो. खराब झालेला केस च्युइंगमसारखा लांबत जातो आणि तुटतो. वाटी गरम झाली, वाफ किंवा बुडबुडे येऊ लागले तर पूर्वीच्या डायमध्ये धातूंचे क्षार होते असं समजा, आणि त्या डोक्याला डेव्हलपर लावू नका.

ही बट क्लायंटच्या हातात द्या. अर्धा तास समजावून जे पटत नाही ते त्या बटीने पटतं. मग दोन-तीन बैठकींचा आराखडा, मधलं अंतर आणि प्रत्येक बैठकीचा दर लिहून द्या. ४० व्हॉल्यूमचा डेव्हलपर म्हणजे १२ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड, २० व्हॉल्यूम म्हणजे ६ टक्के. घाईपोटी मोठा आकडा टाळूवर लावल्याने रंग आधी उतरतो हे खरं, पण केसही त्याच्याबरोबर उतरतो.

स्वच्छतेसाठी नेमकं काय काय करायचं?

इथे तडजोड नाही. डोळे येणं, ओठांवरची नागीण, गजकर्ण, उवा, हे सगळं ब्रश-कंगव्यांवरून एका माणसाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतं.

आधी धुणं, मग निर्जंतुक करणं, हा क्रम मोडू नका. मळलेल्या ब्रशवर स्प्रे मारला तर वरचा थर ओला होतो आणि आत सगळं तसंच राहतं. ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरा. ९९ टक्क्यांचं जास्त चांगलं असेल असं वाटतं, पण ते झटकन उडून जातं. जंतूंवर परिणाम व्हायला थोडं पाणी आणि थोडा वेळ लागतो. ब्रश धुताना केस खाली ठेवा आणि आडवे वाळवा, नाहीतर पाणी धातूच्या बंदात शिरून डिंक सुटतो.

मस्कारा, लिपग्लॉस यांच्या बाटलीत त्यांच्यासोबत आलेली कांडी क्लायंटला कधीच लावू नका. एकदा वापरून फेकायची कांडी घ्या आणि एकदा पापणीला लागली की ती पुन्हा बाटलीत जाणार नाही. दुसऱ्या डोळ्याला नवी. लिपस्टिक आणि क्रीम स्पॅच्युलाने खरवडून स्टीलच्या पॅलेटवर काढा. पेन्सिल प्रत्येक वेळी टोक काढून, अल्कोहोलमध्ये पुसून. स्पंज एका चेहऱ्याला एकच. ब्रशवर फुंकर मारू नका, ही सवय फार जणांना असते आणि समोरच्याला ती दिसते. मस्कारा उघडल्यापासून तीन महिन्यांत बदला. बाकीच्या डब्यांवर उघड्या झाकणाचं चिन्ह असतं, त्यात '१२ एम' लिहिलं असेल तर उघडल्यापासून बारा महिने. उघडल्याची तारीख चिकटपट्टीवर लिहून डब्याला लावा.

हे सगळं क्लायंटसमोर करा. स्वच्छ ब्रशचा रोल उघडताना, कंगवा द्रावणातून काढून पुसताना तिने पाहिलं की ती खुर्चीत सैल होऊन बसते.

काम कधी नाकारावं?

डोळे आलेले असतील, ओठांवर फोड असतील, टाळूवर जखम किंवा पसरणारं काही दिसत असेल, तर नाकारा. कुजबुजत, एका बाजूला नेऊन सांगा. मोठ्याने सांगितलं तर ते माणूस परत येत नाही आणि येऊही नये. मुरुमांवर आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील किंवा नुकत्याच थांबवल्या असतील तर भुवया-चेहऱ्यावर वॅक्स करू नका. त्वचा इतकी नाजूक झालेली असते की वॅक्सबरोबर निघून येते.

केस सरळ करणाऱ्या ट्रीटमेंटबाबतही डोळे उघडे ठेवा. काही द्रावणं आयर्नच्या उष्णतेने फॉर्मल्डिहाइड वायू सोडतात, आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये त्याला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. क्लायंट वर्षातून दोनदा तो श्वास घेते, तुम्ही रोज घ्याल. घटकांत मिथिलीन ग्लायकॉल किंवा फॉर्मॅलिन लिहिलं असेल तरी गोष्ट तीच.

क्लायंट नाराज झाली तर?

ऐकून घ्या, मधे बोलू नका. मग विचारा, "नेमकं कुठे आवडलं नाही?" बहुतेक वेळा उत्तर छोटं असतं: एका बाजूची लांबी, टोनरची छटा, खूप दाट भुवया. ते लगेच दुरुस्त करा. केसांच्या कामाला सात दिवसांत मोफत दुरुस्ती हा नियम मला योग्य वाटतो. दोष तुमचा असेल तर तक्रार मिटेपर्यंत तुमच्या खर्चाने काम करा. तुम्ही ठरल्याप्रमाणे केलं आणि तिचं मन बदललं, तर तो नवा कट, त्याचा दर वेगळा. काम सुरू करण्याआधी पाहिलेले फोटो आणि नोंद असेल तर हा फरक दोघींनाही दिसतो.

नवी गिऱ्हाइकं कशी मिळतात?

जुन्या गिऱ्हाइकांकडून. जो कट घरी स्वतः धुऊन, वाळवूनही नीट बसतो तो तुमच्यासाठी रोज बोलतो. ब्रिटिश केशरचनाकार विडाल ससून यांनी १९६० च्या दशकात हेच पकडलं: रोलर आणि स्प्रेवर उभी केलेली रचना सोडून कापण्याच्या भूमितीवर भर दिला, म्हणजे केस धुतले तरी आकार परत येतो.

कामाचे फोटो टाका, पण लेखी परवानगी घेऊन, आणि त्वचा गुळगुळीत करणारे फिल्टर न लावता. फिल्टर लावलेल्या फोटोवरून आलेली क्लायंट तसाच चेहरा मागते, आणि तो ब्रशने करता येत नाही. वेगवेगळ्या वयाचे, वेगवेगळ्या रंगाचे चेहरे आणि कुरळे, सरळ, विरळ असे सगळे केस दिसू द्या. आपल्यासारखं कुणीतरी तिथे दिसलं की माणूस फोन उचलतो.

हिशेब आणि नोंदी कशा ठेवाव्यात?

व्यवसायाचं खातं घरच्या खात्यापासून वेगळं ठेवा, रोजची जमा-खर्च रोज लिहा, आणि प्रत्येक जमेतून कराचा हिस्सा वेगळा काढा. क्लायंटच्या कार्डावर रंगाचं सूत्र, डेव्हलपर, वेळ, अ‍ॅलर्जी, औषधं असू द्या. ते कार्ड दुसऱ्या कुणाच्या हाती लागू देऊ नका.

हात आणि पाठ टिकवायची कशी?

या धंद्यात माणसं कौशल्य कमी पडलं म्हणून जेवढी बाहेर पडतात, तेवढीच शरीर थकलं म्हणून पडतात. दिवसभर पाण्यात आणि शाम्पूत हात असला की त्वचेचा तेलकट थर जातो, भेगा पडतात, आणि त्या भेगांतून रंगातली रसायनं आत शिरतात. रंग लावताना, आणि धुतानाही, नायट्राइलचे हातमोजे घाला. धुताना फार जण काढून टाकतात. प्रत्येक क्लायंटनंतर हात पुसून वास नसलेलं क्रीम लावा. खुर्चीची उंची दर वेळी बदला, म्हणजे कोपर खांद्याच्या वर जाणार नाही. पायाखाली मऊ चटई घ्या.

क्लायंटच्या मानेकडेही बघा. बेसिनवर मान फार मागे झुकली तर मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांवर ताण येतो. १९९३ मध्ये एका अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात असे पाच रुग्ण नोंदवले गेले. प्रकार दुर्मीळ आहे, पण मानेखाली घडी केलेला टॉवेल ठेवायला काही लागत नाही. चक्कर येते असं ती म्हणाली तर लगेच उठवून बसवा.

दर कधी वाढवावेत?

सलग काही आठवडे तुमच्याकडे जागा नसेल आणि लोक वाट बघत असतील, तेव्हा. किंवा सामानाचे भाव वाढून वरचा भागाकार बदलला असेल, तेव्हा. वर्षातून एकदा हिशेब नव्याने मांडा. वाढ महिनाभर आधी कळवा, कारणांची लांबण न लावता: "अमुक तारखेपासून नवे दर असे असतील." आधी झालेली बुकिंग जुन्याच दराने करा. काही जण जातील. १२० तासांपैकी दहा तास रिकामे झाले आणि दर १० चा १२ झाला, तर ११० तासांचे १३२० होतात. काम कमी, जमा जास्त, आणि त्या दहा तासांत नवं काही शिकता येतं.

मदतनीस केव्हा ठेवावी?

शाम्पू, ब्लो-ड्राय आणि झाडलोट यात तुमचे खुर्चीचे तास जात असतील तर. तिचा पगार आणि त्यामुळे मोकळे होणारे तास शेजारी शेजारी लिहा. मोकळ्या तासांना क्लायंट खरोखर आहेत का, हे अपॉइंटमेंटच्या वहीत बघा. असतील तर ठेवा, वेळेवर पगार द्या, आणि आठवड्यातला एक तास तिला शिकवण्यासाठी राखून ठेवा. त्या वेळेत कुणाचंही बुकिंग घेऊ नका.